नाही म्हणायची रीत

आमच्या घरी भात करपला की अम्मी पातेलं घेऊन तडक मागच्या अंगणात जायची, बुडाची खरवड कोंबड्यांना घालायची आणि पातेलं राखेनं घासून आत आणायची. अब्बांच्या नाकापर्यंत वास पोचायच्या आत पुरावा नाहीसा झालेला असे. करपलेला भात म्हणजे घरच्या बाईचं लक्ष नाही, एवढं साधं तिचं मत होतं. कामरान आमच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायला आला, त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात त्यानं तिला अंगणात नेमकं गाठलं. तिच्या हातात पातेलं, पायाशी कोंबड्यांची सभा. त्यानं छातीवर हात ठेवला, मान तुकवली आणि विचारलं, की एवढी चांगली वस्तू कोंबड्यांना का? त्याच्या देशात ही खरवड ताटात उलटी करून पाहुण्यापुढे ठेवतात आणि पाहुणा उठला की उरलेल्या तुकड्यावरून भावंडं भांडतात. अम्मीला आधी वाटलं, पोरगा टिंगल करतोय. मग त्यानं तिथंच उभ्यानं एक तुकडा मोडून खाल्ला आणि डोळे मिटले. त्या दिवसापासून आमच्या घरी भात मुद्दाम करपवला जाऊ लागला, आणि कोंबड्या अंडी कमी देतात असं अम्मीच म्हणू लागली.

कामरान इराणचा. वाळवंटाच्या कडेच्या एका गावात त्याच्या वडिलांचं शाळेचे गणवेश शिवायचं दुकान होतं. मुलानं औषधांचं दुकान काढावं म्हणून त्यांनी त्याला फार्मसी शिकायला हिंदुस्थानात पाठवलं. त्याला पुण्याला जायचं होतं. प्रवेश मिळवून देणाऱ्या माणसानं त्याला अमरावतीचा कागद दिला आणि अमरावती पुण्याच्या शेजारीच आहे असं सांगितलं. एक अख्खी रात्र रेल्वेत बसल्यावर कामरानच्या लक्षात आलं, की या देशात शेजार बराच लांबवर पसरलेला असतो. तरी त्यानं तक्रार केली नाही. तो तक्रार कशाचीच करत नसे. त्याच्या लहानपणी त्याच्या गावात सिनेमावाले आले होते आणि शाळेच्या फाटकातून धावत बाहेर येणाऱ्या पोरांत त्याला एक दिवस धावायला मिळालं होतं. सिनेमा लागला तेव्हा सगळं गाव बघायला गेलं. त्यात फाटक होतं, पोरं होती, कामरान नव्हता. त्याचा भाग कापला गेला होता. दुसरा कुणी असता तर सिनेमाचं नाव काढलं नसतं. यानं ठरवलं, की पुढं आपणच सिनेमा काढू आणि काय कापायचं हे आपण ठरवू.

अब्बा शाळेत फारसी शिकवून निवृत्त झाले होते. आयुष्यभर ती भाषा शिकवली, पण ती बोलणारा जिवंत माणूस त्यांना भेटला नव्हता. कामरान आला तेव्हा त्यांनी नवी शेरवानी काढली. त्यांची फारसी पुस्तकातली, काही शतकांपूर्वीची. कामराननं पहिल्याच संध्याकाळी त्यांना अदबीनं सांगितलं, की आपण बोलता तेव्हा मला माझ्या पणजोबांचे पणजोबा बोलत असल्यासारखं वाटतं. अब्बांनी ही तारीफ महिनाभर मोहल्ल्यात सांगितली. अम्मीची गोष्ट वेगळी. ती मूर्तिजापूरकडची. घरात आम्ही उर्दू बोलायचो, पण तिला राग आला किंवा घाई झाली की तिची उर्दू संपायची आणि वऱ्हाडी सुरू व्हायची. तिला दिवसभर यातलं काही ना काही असायचंच, त्यामुळे कामरान जी भाषा शिकला ती अम्मीची. वर्षभरात तो बाजारात ‘वांगे कसे देल्ले?’ म्हणून विचारू लागला आणि भाजीवाल्या त्याला बघायला शेजारणींना बोलावू लागल्या.

कॉलेजात तो फारसा जात नसे. त्याच्या मामानं आखातातून त्याला खांद्यावर घ्यायचा मोठा व्हिडिओ कॅमेरा पाठवला होता. घरच्या व्हीसीआरची कॅसेट थेट त्यात बसायची. अमरावतीत तेव्हा लग्नाची शूटिंग ही नवी चैन होती आणि कॅमेरे मोजकेच होते, म्हणून त्याला कामं मिळू लागली. मीही त्यात ओढली गेले, कारण बायकांच्या बाजूला परपुरुष चालत नसे. तिथं कॅमेरा माझ्या खांद्यावर यायचा. अब्बांनी आधी नाही म्हटलं, मग फारसीतला एक दाखला आठवून हो म्हटलं. त्यांच्याकडे दोन्ही बाजूंचे दाखले असत.

पहिल्या लग्नाची कॅसेट वधुपित्यानं आमच्याच बैठकीत बसून पाहिली. तीत जनरेटरची दोरी ओढणारा माणूस होता, वरातीच्या घोड्याला पाणी पाजणारी मुलगी होती, भाताच्या कढईवरची वाफ आणि वाफेपलीकडे भांडणारे दोन आचारी होते. बऱ्याच वेळानं वधुपित्यानं विचारलं, “भाऊ, नवरदेव कुठी आहे?”

“येतो न,” कामरान म्हणाला. “घाई काहून करता? लग्नातही थो उशिराच आला होता.”

तेव्हापासून आमची वाटणी ठरली. नवरा-नवरी मी घ्यायची, बाकीचं लग्न त्यानं. आज माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुली विचारतात, की लग्नाच्या फिल्ममध्ये सगळ्यात महत्त्वाचं काय. मी सांगते, पैसे नवरा-नवरीचे मिळतात आणि पुन्हा बघावीशी वाटते ती वाफ.

ती वर्षं वाईट होती. कापसाची पऱ्हाटी हिरवीगार उभी राहायची आणि बोंडं आतून अळीनं खाल्लेली निघायची. शेतीचं बिघडलं की शहरात ते आधी कुठं कळतं, हे मला तेव्हा कळलं: लग्नाच्या बँडवाल्यांकडे. अम्मीचा भाऊ, आमचा मुनीरमामू, मूर्तिजापूरला बँड चालवायचा. लाल कोट, सोनेरी झालर, क्लॅरिनेटवर स्वतः मामू. एरवी हिवाळा संपता संपता त्याला बोलायला फुरसत नसे. त्या वर्षी लग्नं पुढं ढकलली जात होती, जी होत होती ती देवळात नाही तर घरातल्या घरात, बिनवाजंत्रीची. मामूची माणसं दिवसा जिनिंगमध्ये नाही तर मजुरीला जायची आणि संध्याकाळी सवय जाऊ नये म्हणून पत्र्याच्या शेडमध्ये वाजवायची. कामरान एकदा माझ्याबरोबर मामूकडे जेवायला आला, त्यानं तो सराव ऐकला, आणि त्याला त्याचा सिनेमा सापडला. लग्नाविना वाजणारा बँड. मग हिवाळाभर तो त्यांच्या मागं होता. एकदा खेड्यातल्या एका लहानशा लग्नाला बँड शकुंतलेतून, म्हणजे आमच्याकडच्या अरुंद रुळांवरच्या छोट्या रेल्वेतून, निघाला. ती गाडी एवढी सावकाश चालायची, की ढोलवाला खाली उतरून हिरवे हरभरे उपटून परत चढला. डब्यात मामूनं क्लॅरिनेट काढलं, लोक सरकून बसले आणि कुणाच्याही लग्नाशिवाय सगळी गाडी वाजत गेली. ते सगळं कामराननं घेतलं. फक्त शेवट त्याच्याकडे नव्हता. “मामू खरोखर लग्नात वाजवतात, पूर्ण, खच्चून, हजार माणसांसमोर, ते मला पाहिजे,” तो म्हणायचा. “नाही तर हा सिनेमा नाही, ही नुसती हळहळ आहे.” हळहळीचा त्याला मनस्वी कंटाळा होता. हळहळ करायला तेव्हा मुंबईहून, दिल्लीहून पुष्कळ लोक येत होते. ते संध्याकाळच्या गाडीनं परत जात.

शेवट दादासाहेबांच्या रूपानं आला. अकोल्याचे दादासाहेब एका सहकारी संस्थेचे अध्यक्ष होते आणि त्यांनी मोठा सामूहिक विवाह जाहीर केला होता. सगळ्या धर्मांची जोडपी एकाच मैदानात, बौद्ध पद्धतीनं, हिंदू पद्धतीनं आणि निकाहनं, वेगवेगळ्या मांडवांत. काम चांगलं होतं, यात शंका नाही. पत्रिकेच्या दर्शनी बाजूला दादासाहेबांचा फोटो होता आणि नवरा-नवरींची नावं मागं, बारीक टायपात. मैदानाच्या तोंडाशी दादासाहेबांचा लाकडी पुतळाच म्हणावा एवढा उंच कटआऊट उभा केला होता, हात जोडलेला; त्याच्या गुडघ्याएवढ्या दिसणाऱ्या वराती आत जाणार होत्या. बँड होता मुनीरमामूचा. मामूनं कोट धुवायला दिले, झालरी पुन्हा शिवून घेतल्या. शूटिंगचं काम आम्हाला मिळालं, आणि ते पक्कं करायला कामरान आणि मी अकोल्याला त्यांच्या बंगल्यावर गेलो.

दादासाहेब झोपाळ्यावर बसले होते. त्यांनी कॅमेरा मागितला, खांद्यावर घेतला, एका डोळ्यानं आत बघितलं आणि आपलेच कार्यकर्ते त्यात एवढे जवळ आलेले पाहून खूश झाले. “काय भारी चीज आहे बे ही!”

कामराननं छातीवर हात ठेवला. मान तुकवली. “काबेल नदारे,” तो म्हणाला, आणि मग सगळ्यांना कळावं म्हणून वऱ्हाडीत, “तुमच्यापुढं काहीच नाही, दादासाहेब. तुम्हालेच पेश आहे.”

“म्हंजे? मले देऊन राहिला का?”

“तुमचाच आहे.”

“पाह्य बरं. नसन द्याचा तं सांग. आमचं काही म्हणणं नाही.”

“नाही, नाही. तुमच्याच हातात शोभते.”

“मंग ठेव तठी,” दादासाहेब म्हणाले, आणि कॅमेरा आत नेण्यात आला.

दादासाहेबांना मी तेव्हाही दोष दिला नाही. माणसानं दोनदा विचारलं होतं. बसस्टँडवर येईपर्यंत कामरानचा खांदा सवयीनं एका बाजूला झुकलेला होता, आणि त्यावर काही नव्हतं. बसमध्ये तो म्हणाला, “त्यांनी नाही म्हणायला पाहिजे होतं.”

“किती वेळा?”

“तीन.”

“कामरानभाई, अकोल्यात पाहुण्याला चहा विचारला तर तो म्हणतो, अर्धा नको, पूर्ण दे. इथं तीनदा नाही कोण म्हणेल?”

मग त्यानं मला ती रीत समजावली. त्यांच्याकडे तिला तआरोफ म्हणतात. कुणी तुमच्या वस्तूची तारीफ केली, की ती त्याला द्यायची. त्यानं नाही म्हणायचं. पुन्हा द्यायची, त्यानं पुन्हा नाही म्हणायचं. तिसऱ्यांदाही तसंच. मग दोघं समाधानानं घरी जातात, वस्तू जिथल्या तिथं राहते आणि मान दोघांचाही वाढतो. दुकानदारसुद्धा पैसे घेताना आधी नको म्हणतो. मी विचारलं, एखाद्यानं वस्तू घेऊन तसाच निघून जायचं ठरवलं तर? अशी शक्यता त्याच्या देशात कुणाला सुचलीच नव्हती. ती सुचायला वऱ्हाड लागलं.

घरी अब्बांनी निकाल दिला, की दिलेली वस्तू परत मागणं म्हणजे आपण खोटं बोललो असं कबूल करणं. कामरानचंही तेच म्हणणं. तो मागणार नव्हता. दुसऱ्या दिवशी दादासाहेबांचा माणूस निरोप घेऊन आला: शूटिंगला वेळेवर या, कॅमेरा आमच्याकडून मिळेल, साहेबांचं भाषण पूर्ण पाहिजे, हार घालणारे सगळे आले पाहिजेत, आणि कॅसेटा कार्यक्रमानंतर बंगल्यावर जमा करा. म्हणजे कामरान आता दादासाहेबांच्या कॅमेऱ्यावर दादासाहेबांचा नोकर होता. मामू येणार, वाजवणार, आणि तो स्टेजवरचे हार घेत उभा राहणार. त्या रात्री खरवड त्यानं ताटात तशीच ठेवली. अम्मीनं ती उचलली, त्याच्याकडे बघितलं, अब्बांकडे बघितलं आणि तिची उर्दू संपली.

“तुमचं काय असन थे असन रीतभात. मी जातो उद्या.”

“जाऊन काय सांगणार?” अब्बांनी विचारलं. “मागायचं नाहीये.”

“कोण मागून राहिलं? मी तारीफ कराले जाऊन राहिलो.” अम्मी स्वतःबद्दल पुरुषासारखंच बोलायची, तिकडच्या बायका बोलतात तसं.

लग्नाच्या आदल्या सकाळी आम्ही दोघी बंगल्यावर पोचलो तेव्हा हॉल भरलेला होता. मंडपवाले, आचारी, कार्यकर्ते, एक भटजी, एक काझी, एक भन्तेजी, सगळे एकाच चहाच्या किटलीची वाट बघत. समोरच्या काचेच्या कपाटात दादासाहेबांची मानचिन्हं होती आणि त्यांच्या मधोमध आमचा कॅमेरा, त्याला हळदीकुंकू लावलेलं, वर झेंडूचा हार. अम्मीनं बुरख्याचा पडदा वर केला, सोफ्यावर बसली आणि म्हणाली, “सोफा चांगला आहे, दादासाहेब.”

“आहेच,” दादासाहेब म्हणाले.

“झुंबरही चांगलं आहे.”

“आहेच. नागपूरहून आणलं.”

“आंगठी तं लयच चांगली आहे.”

दादासाहेबांनी अंगठीचा हात जरा मागं घेतला. “बाई, तुमी लग्नाले आल्या का सौद्याले?”

हॉल हसला. अम्मीही हसली. “पाहा, तुमी एकदाही म्हटलं नाही का घेऊन जा. अन् खरंच आहे, काहून म्हणान? आपल्याकडं असं कोणी म्हणत नाही. पण आमच्या घरी जो पोरगा राहते न, थ्याच्या मुलुखात म्हणतात. चीज चांगली म्हटली का मालक म्हणते, घ्या, तुमचीच. समोरचा म्हणते, नाही. असं तीन खेपा. मंग ज्याची चीज थो घरी घेऊन जाते.”

“मंग देतेच काहून थो?”

“मान देते. चीज नाही देत.”

दादासाहेबांनी कपाटाकडे बघितलं. त्यांना सगळं कळलं, हे त्यांच्या कानांवरून दिसत होतं. कान आधी लाल झाले. “मंग मी नाही म्हणाचं होतं?”

“तीनदा.”

“अन् मी एकदाही नाही म्हणलो.”

“नाही जी,” अम्मी म्हणाली. “पण तुमाले कसं मालूम राहीन? आमालेच मालूम नव्हतं.”

भरल्या हॉलात, काझी, भटजी आणि भन्तेजींच्या देखत आपण एका परक्या पोराचा मान ओळखला नाही, हे मोठ्या माणसाला पचणं सोपं नव्हतं. दादासाहेबांनी लगेच कपाट उघडलं असतं तर त्यांचं चुकलं असं झालं असतं. ते झोपाळ्यावरून उठले आणि एवढंच म्हणाले, “उद्या मांडवात या.” त्याचा अर्थ काय, ते परतीच्या वाटेवर आम्हा दोघींना लावता येईना. कामरानला आम्ही काहीच सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी अकोल्याचं ऊन अकोल्याला शोभेल असं होतं. मांडवात कूलर लावले होते आणि ते गरम हवा इकडून तिकडे नेण्याचं काम प्रामाणिकपणे करत होते. मागं वांग्याच्या भाजीच्या कढया, बुंदीचे ढीग. नवऱ्या रांगेत बसलेल्या, कुणाच्या कपाळावर बाशिंग, कुणाच्या अंगावर पांढरी साडी, कुणी लाल ओढणीत झाकलेली, सगळ्या सारख्याच घामेजलेल्या आणि सारख्याच उत्सुक. स्टेजवर पाहुण्यांच्या खुर्च्यांशेजारी स्टुलावर कॅमेरा, हारासकट. कामरान खाली उभा, हात मोकळे, नजर फाटकाकडे. स्टेशनाकडून बँडचा आवाज येऊ लागला होता, अजून लांब, पण ढोल मामूचाच, हे मी झोपेतही सांगितलं असतं. आणि दादासाहेब भाषण करत होते. त्यांनी शेती, संस्कृती आणि समाज यांचा आढावा घेतला. ढोल कटआऊटपर्यंत आला. कामराननं डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात दादासाहेब थांबले. त्यांनी स्टुलावरचा कॅमेरा दोन्ही हातांनी उचलला. “या पोरानं मले आपली सगळ्यात मोठी चीज पेश केली,” ते म्हणाले. “थ्याच्या मुलुखाची रीत मले मालूम नव्हती. आज मालूम आहे. म्हणून आज सगळ्यांच्या समोर सांगतो.” त्यांनी माइक जवळ ओढला. “नाही!” मांडव शांत झाला. “नाही!” मागचा भोंगा करकरला. “नाही म्हणजे नाही!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या रांगांना कॅमेरा दिसत होता. मागच्यांना फक्त शेवटचा भाग ऐकू आला, आणि निवडणूक जवळ आल्यामुळे त्यांनी त्याचा जो अर्थ लावायचा तो लावला. दुसऱ्या दिवशी बातमी पसरली, की दादासाहेबांनी तिकीट तीन वेळा नाकारलं. मग त्यांची समजूत काढायला मोठमोठी माणसं बंगल्यावर आली आणि तिकीट त्यांनाच मिळालं. राजकारणात ही रीत आधीपासूनच चालू होती. आम्हालाच कल्पना नव्हती.

पण ते नंतर. त्या क्षणी दादासाहेब कॅमेरा पुढं करून उभे होते आणि कामरान स्टेजच्या पायरीवर चढला होता. बँड फाटकात आला होता. आणि मी पाहिलं, की कामरानचा उजवा हात सावकाश छातीकडे चाललाय. “नाही, दादासाहेब,” तो म्हणाला आणि मान तुकवली, “तुमच्याच हातात—”

दादासाहेबांचे तिन्ही नाही वापरून झाले होते. पुढं काय म्हणायचं ते अम्मीनं त्यांना शिकवलं नव्हतं.

“कामराऽऽन!” बायकांच्या कनातीपलीकडून अम्मीचा आवाज आला. त्याला माइक लागला नाही. “घे गपचूप! बँड आला!”

त्यानं घेतला. माझ्या माहितीत आयुष्यात पहिल्यांदा त्यानं काहीतरी पहिल्या खेपेला घेतलं. हार काढायलाही तो थांबला नाही. उडी मारून खाली आला, मी त्याच्यामागं धावले. बँडच्या पुढं उलट्या पावलांनी चालत चित्र घ्यायचं तर मागं कुणीतरी लागतं, नाही तर माणूस कढईत पडतो. एरवी त्याचं कॉलेजातलं कुणीतरी असे. त्या दिवशी कुणी नव्हतं. मी माझी ओढणी त्याच्या पट्ट्यात बांधली आणि दुसरं टोक धरून त्याला मागून ओढत नेलं, बैलाला कासरा धरून नेतात तशी. डावीकडं ओढलं की तो डावीकडं, सैल सोडलं की थांबायचा. सगळं अकोला बघत होतं. अब्बाही बघत होते. संध्याकाळी ते एवढंच म्हणाले, “दिशा बरोबर देत होतीस.”

आणि मामू आला. लाल कोटावर ऊन, पितळेवर ऊन. आख्ख्या हिवाळ्याचा न वाजलेला वारा त्यानं छातीत साठवून ठेवला असावा. क्लॅरिनेटचा पहिला सूर कटआऊटच्या जोडलेल्या हातांच्याही वर गेला. नवऱ्या आधी एकमेकींकडे बघत होत्या. मग एक उठली, मग तिच्या शेजारची, मग रांगच्या रांग. बाशिंग सांभाळत, साडी सांभाळत त्या नाचू लागल्या. आपल्या लग्नात नवरीनं नाचू नये हे सांगणाऱ्या म्हाताऱ्या होत्या तिथं, पण त्या सगळ्या आधीच नाचत होत्या. कामरानचा खांदा हलला नाही. मी मागून ओढत होते आणि त्याच्या डोक्यावरून मला दिसत होता तो फक्त मामूचा चेहरा: लाल, फुगलेला, डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि सूर तसूभर ढळत नाहीये.

दादासाहेबांचं भाषण आमच्या कॅसेटवर आलंच नाही. त्यांना आम्ही नवऱ्या नाचतात तो भाग दिला. त्यांनी तो प्रचारात वापरला आणि कधी तक्रार केली नाही.

सिनेमा पहिल्यांदा दाखवला तो मूर्तिजापूरच्या पत्र्याच्या शेडमध्ये, भाड्याच्या टीव्हीवर. बँडवाले स्वतःला बघत ओळीनं बसले होते, पाय दुमडून, लग्नाला आल्यासारखे. संपल्यावर मामू म्हणाला, “आपण असे दिसतो? मंग लोक बाकी काय पाहून राहतात बे?” त्यांनी कामरानला पुन्हा लावायला सांगितलं, आणि पुन्हा. पुढं तीच कॅसेट घेऊन तो तेहरानला गेला आणि तिच्या जोरावर त्याला सिनेमाच्या कामात पहिली जागा मिळाली. आता त्याचे सिनेमे कुठं कुठं दाखवतात, काही वर्षं त्याला तिकडं काम करू दिलं नाही तेव्हा तो निर्माता होऊन नव्या मुलांचे सिनेमे उभे करत राहिला, हे सगळं लोक मला मोबाइलवर दाखवतात. निर्माता म्हणजे काय असं अम्मीनं त्याला एकदा फोनवर विचारलं होतं. तो म्हणाला, जो सगळ्यांना जेवू घालतो तो. म्हणजे माझी पहिली निर्माती तुम्हीच. अम्मी म्हणाली, “मंग खरवड कोणाले देतू?” त्या जुन्या फिल्मच्या शेवटी चित्राच्या वरच्या कडेला एक केशरी धूसर पट्टा हलत राहतो. जाणकारांनी त्यावर बरंच लिहिलंय. कुणाला त्यात मावळता सूर्य दिसला, कुणाला आशा. तो दादासाहेबांचा झेंडू आहे.

तो गेला त्या दिवशी आम्ही सगळे बडनेरा स्टेशनावर होतो. अब्बा शेरवानीत, अम्मीच्या हातात डबा. डब्यात काय होतं ते सांगायला नको. गाडी यायची वेळ झाली तेव्हा कामराननं खांद्यावरचा कॅमेरा काढला आणि माझ्यापुढं धरला. “नसरीन, तुला पेश आहे.”

मी त्याच्याबरोबर दोन वर्षं काढली होती. रीत मला आता त्याच्याइतकीच येत होती. “नाही, कामरानभाई,” मी छातीवर हात ठेवून म्हटलं. तो हसला. त्यानं पुन्हा पुढं केला. मी पुन्हा नाही म्हटलं. या खेपेला तो हसला नाही. तिसऱ्यांदा त्यानं कॅमेरा पुढं केला तेव्हा त्याचे हात किंचित थरथरत होते, आणि तो माझ्या ओठांकडे बघत होता, जसा त्या दिवशी मांडवात फाटकाकडे बघत होता. मला तो कॅमेरा किती हवा होता हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. बायकांच्या कनातीत तो माझ्या खांद्यावर आला की मी अमरावतीतली कुणीतरी व्हायची. तो खांद्यावरून उतरला की मी बी. ए. झालेली, स्थळं बघितली जाणारी मुलगी होते. पण त्या क्षणी मी स्वतःकडे बघत नव्हते, त्याच्या हातांकडे बघत होते. मान द्यायला आलेला माणूस असा थरथरत नाही.

“घेते,” मी म्हटलं.

त्यानं श्वास सोडला. अम्मी मागून म्हणाली, “या अल्ला, एवढ्याले किती वेळ!”

अमरावतीत लग्नाची शूटिंग करणारी बाई म्हणून पहिली पाटी माझी लागली. पुढं अकोल्यालाही एक दुकान झालं. मामूचा बँड त्यानंतर कितीतरी लग्नांत माझ्यापुढं वाजला, आणि दर खेपेला तो माझ्या कॅमेऱ्यासमोर आला की जरा जास्तच वाजायचा. तो जुना कॅमेरा आता चालत नाही. त्याची कॅसेटही कुठं मिळत नाही. माझ्या स्टुडिओत कपाटावर असतो, हळदीकुंकवाचा एक डाग कडेला तसाच आहे. येणारे-जाणारे थांबतात, हात लावून बघतात आणि म्हणतात, काय मस्त चीज आहे हो ही!

“आहेच,” मी म्हणते, आणि पुढं काही बोलत नाही.